शरयूबाईंची भिंत

“साहेब, ही भिंत गरम लागतीय.”

मी तळहात टेकवून उभा होतो. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. पाचगणीची हवा अशी, की दुपारी बारालाही अंगात स्वेटर. आणि फायरप्लेसच्या वरचा तेवढाच एक पत्रावळीएवढा तुकडा कोमट. तापलेला नव्हे. झोपलेल्या पोराचं कपाळ असतं तसा.

“ऊन पडत असेल,” श्रीरंग गुप्ते म्हणाले. हातात मोबाइल धरून ते रेंज शोधत खिडकीशी फिरत होते.

“इकडं ऊन कुठनं येणार? आत शेकोटी पेटवता का कधी?”

“दहा-बारा वर्षांत नाही. धुराडं वरून पत्रा ठोकून बंद केलंय. मुलाणी, तुम्ही खुणा करा बरं. मला चारला पुण्याला निघायचंय.”

मी पेन्सिल काढली.

मी दिलावर मुलाणी, वाईचा. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी वाईतल्या एका दुकानात टीव्ही बसवायचं काम करायचो. भिंतीवर टांगायचे सपाट टीव्ही नवे नवे निघाले होते आणि जो तो भिंत दाखवून म्हणायचा, इथं लावा. पसरणी घाट चढून पाचगणीला आठवड्यातून दोन खेपा तरी व्हायच्याच. पण फायरप्लेसच्या वर टीव्ही लावायचं काम पहिलंच. इंग्रजांच्या वेळची ती शेकोटी, काळ्या दगडाची चौकट, वर लाकडी फळी आणि फळीपासून छतापर्यंत गेलेली धुराड्याची विटेची भिंत. बंगल्याचं नाव फर्न कॉटेज.

गुप्त्यांचं म्हणणं बरोबर होतं. टीव्ही लावायचा तर तिथंच लावायला हवा होता, कारण त्या भिंतीच्या बरोबर समोर, दहा फुटांवर, त्यांच्या आईचा पलंग होता.

शरयूबाई गुप्ते. पाचगणीतल्या मुलींच्या एका बोर्डिंग शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं गाणं शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे अगदीच गेली नाही. एक शब्द उरला होता.

“उद्या,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. डाव्या हातानं त्यांनी पलंगाचा लोखंडी कठडा धरला होता. “उद्या. उद्या!”

मी गुप्त्यांकडे बघितलं. “उद्या बसवायला सांगतायत का?”

“नाही हो. तिला एवढंच बोलता येतं. पाणी हवं तरी उद्या, नको तरी उद्या. डॉक्टर म्हणतात, असं होतं. डोकं शाबूत असतं, फक्त शब्द सापडत नाहीत.” त्यांनी आवाज खाली आणला. “दिवसभर या रिकाम्या भिंतीकडे बघत पडलेली असते. मी पंधरा दिवसांनी येतो, तर ती तशीच. आयुष्यभर गाणं शिकवलं, म्हणून मी चांगला रेडिओ आणून दिला, तर लावला की हात झटकते. कॅसेटी आणल्या, तेच. निदान चित्रं तरी हलतील डोळ्यांसमोर.”

ते असं बोलले आणि मला त्यांची कीव आली. मोठा माणूस, पुण्यात कारखाना, पण आईसमोर आला की हात कुठं ठेवावेत हे कळत नसल्यासारखा.

बाईंचं सगळं बघायला हौसाबाई होती. पन्नाशीची, ठेंगणी, पलीकडच्या दरीतल्या वाडीवरची. ती चहा घेऊन आली आणि कप माझ्या हातात देता देता हळूच म्हणाली, “दादा, त्या बाजूच्या भितीवर लावा की. हितंच कशापायी?”

“पलंग इकडं आहे ना, मावशी.”

“पलंग फिरवता येतो.”

“हौसाबाई,” गुप्ते म्हणाले, “त्यांना काम करू द्या.”

ती काहीतरी बोलणार होती. मग बाईंकडे एकदा बघून आत निघून गेली.

भिंत गरम का, हे मात्र माझ्या मनातनं जाईना. विजेच्या कामात गरम भिंत म्हणजे आत वायर जळतेय. मी टेस्टर फिरवला, काही नाही. मग कान लावला.

आत घूं असा आवाज येत होता. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की येतो तसा, पण त्याहून मऊ, खोल. एका सुरात, न थांबता. मी उठून मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. परत कान लावला. घूं चालूच.

त्या वेळी मी थांबायला हवं होतं. विजेचा नाही तर मग हा आवाज कशाचा, एवढं विचारायला हवं होतं. पण मला त्याच दिवशी अजून दोन घरी जायचं होतं. मी मनाशी म्हटलं, धुराड्यात वारा घुमत असेल. मेन चालू केला आणि ड्रिल हातात घेतलं.

बाईंनी कठड्यावर बांगडी आपटायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्. “उद्या! उद्या! उद्या!”

“आई, दोन मिनिटांचा आवाज आहे. सहन कर.”

पहिलं भोक झालं. दुसरं झालं. तिसरं, पेन्सिलीची खूण त्या कोमट तुकड्याच्या अगदी मधे होती. तीन-साडेतीन इंच आत गेलो आणि ड्रिल एकदम पोकळीत गेल्यासारखं पुढं झेपावलं. मी बाहेर ओढलं. पात्याला विटेचा लाल भुगा नव्हता. पिवळं, ओलं, चिकट काहीतरी होतं, आणि खोलीत एक वास सुटला. गोड, पण मिठाईचा नव्हे. रानातला.

मधमाशीला बाहेर यायला किती वेळ लागतो? मी पातं नाकाशी नेलं, तेवढा.

पहिली माझ्या भुवईला डसली. मग भोकातनं अशा निघाल्या, जसं कुणी आतनं ओतत होतं. मी काय केलं, तर अंगठा भोकात घातला. विचार करून नाही केलं. नळ फुटला की माणूस हात लावतो, तसं. आतल्या माश्यांनी अंगठ्याच्या टोकाची जी काय चाळण केली, ती मी वर्णून सांगत नाही. पण हात काढला नाही.

“बाईंना बाहेर न्या!” मी ओरडलो.

हौसाबाई धावत आली होती. तिनं आणि गुप्त्यांनी बाईंना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, वर शाल टाकली. हौसाबाईनं खुर्ची मागच्या व्हरांड्यात ढकलत नेली. जाताना बाई मान मागं वळवून त्या भिंतीकडेच बघत होत्या. गुप्ते आत आले, तोंडाला रुमाल.

“आता काय करायचं?”

आणि इथं माझी खरी चूक झाली. ड्रिलची एक वेळ माफ होईल, ती नकळत होती. ही नाही. मी म्हणालो, “खाली धूर करा. वरनं निघून जातील.”

त्यांनी वर्तमानपत्रं घेतली, शेकोटीत कोंबली, काडी लावली. वर टाकायला बागेच्या कोपऱ्यातला ओला पाला आणला. धूर आधी खोलीत पसरला, मग धुराड्यात शिरला. माझ्या अंगठ्यापाशी आतली हालचाल कमी झाली. पण तो घूं, तो बदलला. वाढत गेला, वाढत गेला, आणि मला भिंत थरथरल्यासारखी वाटली. मग एकदम काहीच नाही. माझा कान भिंतीला होता. बिऱ्हाड हललेल्या घरासारखी ती भिंत गप्प झाली.

मी अंगठा काढला. एकही माशी आली नाही.

“गेल्या,” गुप्ते म्हणाले. पहिल्यांदाच हसले.

तेवढ्यात मागनं हौसाबाईची हाक आली. ओरडली नाही ती. अगदी हळू म्हणाली, “साहेब. जोरात चालू नका. हळू या.”

*

मागचा व्हरांडा दगडी, समोर उतरती बाग आणि त्यापलीकडं कृष्णेचं खोरं. आम्ही दारात आलो आणि वर बघितलं. धुराड्याच्या पत्र्याच्या फटीतनं माश्या बाहेर पडल्या होत्या, आणि अजून पडत होत्या. बागेवर त्यांचा एक ढग फिरत होता, मोठ्या विहिरीएवढा रुंद. ढग म्हणतो, पण त्यातनं आभाळ दिसत होतं. हजारो रेघा एकमेकींना छेदत होत्या आणि एकही दुसरीला धडकत नव्हती. आवाज तर असा, की छातीच्या फासळ्यांत ऐकू यावा.

त्या ढगाखाली शरयूबाई खुर्चीत बसल्या होत्या.

हौसाबाई त्यांच्यापासून चार हातांवर भिंतीला पाठ लावून उभी होती. “मी खुर्ची आत घ्यायला गेले, तर बाईंनी चाकच धरलं,” ती कुजबुजली. “सोडंनात.”

गुप्ते पुढं झेपावले. तिनं त्यांचा दंड पकडला. “साहेब, नगा! धावलासा तर चिडतील.”

मग ढग खाली आला. आधी चार-पाच माश्या बाईंच्या शालीवर बसल्या. मग पन्नास. मग मोजायचं कारणच उरलं नाही. पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसा तो अख्खा थवा बाईंच्या उजव्या खांद्याकडे वळला आणि तिथं उतरत गेला. खांदा झाकला, दंड झाकला, कोपर झाकलं. तो हात तीन वर्षं मांडीवर निर्जीव पडलेला होता. बघता बघता तो दिसेनासा झाला. त्याच्या जागी तपकिरी, चकाकणारं, जिवंत असं काहीतरी मांडीपर्यंत लोंबत होतं आणि त्याच्यावरनं सारख्या लाटा जात होत्या. गळ्यावरनं काही माश्या हनुवटीपर्यंत चढल्या. एक गालावरनं चालत डोळ्याच्या कडेपाशी गेली, थांबली आणि परत फिरली.

बाईंनी पापणीसुद्धा मिटली नाही.

मी मशिदीत गेलोय, घाटावरच्या देवळांत वायरिंगची कामं केलीत, उरसात लाखभर माणसं एका वेळी हात उचलताना बघितलीत. पण त्या व्हरांड्यात जे बघितलं तसं कुठं बघितलं नव्हतं. मी दारातच बसलो.

“मारतील तिला,” गुप्ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “पाणी मारू का? अग्निशमनवाल्यांना—” त्यांनी मोबाइल बघितला. रेंज नव्हती.

“माझा चुलता मधपाळ हाय,” हौसाबाई म्हणाली. “कोंडिबा. पेट्या ठेवतो माश्यांच्या. गाडीनं गेलं तर अर्ध्या तासाची वाट. त्याला आणू. त्यो काढील.”

“मग जा! गाडी घेऊन—”

“मला कुठं गाडी येती? तुमी चालवा, मी वाट दावते. वाडीत घरं इस्कटल्याली हायत, तुमाला घावायचं न्हाई. आन माझ्याबिगर त्यो यायचा न्हाई.”

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“मी थांबतो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? भोक माझं होतं, धूरही माझा होता.

गुप्ते आईसमोर गेले, दोन हात लांब थांबले. मग मला म्हणाले, “इथून हलायचं नाही.” आणि गेले.

*

गाडीचा आवाज वळणावर नाहीसा झाला. मी, बाई आणि त्या माश्या.

पहिली दहा मिनिटं मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. माझी भुवई सुजून डावा डोळा अर्धा मिटला होता, अंगठा केळ्याएवढा झाला होता. आणि समोर त्याच माश्यांनी मढलेली बाई, एक डंख नाही. मला कळेना. मग बघितलं तर ऊन व्हरांड्यात सरकत होतं. पायांपासून वर चढत होतं. दहा मिनिटांत ते बाईंच्या हातावर येणार होतं, आणि उन्हानं माश्या तापल्या तर काय करतील कुणास ठाऊक.

खुर्ची हलवायची माझी छाती नव्हती. व्हरांड्याच्या कोपऱ्यात टीव्हीचं रिकामं खोकं पडलं होतं. बेचाळीस इंची टीव्हीचं, दरवाजाच्या फळीएवढं. मी ते उचललं आणि बाईंच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर, ऊन अडेल असं धरून उभा राहिलो. ऊन सरकेल तसा मीही बोट बोट सरकत होतो.

दंड भरून आले. पुठ्ठ्याच्या कडेवरनं मी बाईंना बघत होतो, त्या मला.

“बाई,” मी म्हणालो, “मला माफ करा. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू, ऐकू येत होतं मला.”

“उद्या,” बाई म्हणाल्या. पण मघाचा उद्या वेगळा होता, हा वेगळा. लेकराला जवळ घेताना आपण काहीही शब्द म्हणतो ना, तसा.

मग त्यांनी डोळे मिटले आणि ओठ न उघडता एक सूर लावला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. एवढं सांगतो, की तो सूर अगदी बारीक होता आणि तो त्या आवाजातच होता. म्हणजे आधी मला वाटलं माश्यांचाच. मग बाईंचा गळा हलताना दिसला. श्वास संपला की थांबायच्या, परत तिथंच धरायच्या. जो आवाज मी भिंतीला कान लावून ऐकला होता, नेमका तोच. त्यांच्या हातावरच्या लाटा संथ होत गेल्या. आता माश्या शांत झाल्या म्हणून लाटा थांबल्या की बाईंच्या सुरानं, यावर मी शपथ घेणार नाही. मी बघितलं तेवढं सांगतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ते चाललं. ज्या बाईला पाणी मागता येत नव्हतं, ती तीन वर्षांनी माझ्यासमोर गात होती, आणि मी टीव्हीचं खोकं धरून उभा होतो.

*

कोंडिबा सत्तरीचा, पागोट्याच्या जागी मफलर गुंडाळलेला. खांद्यावर लाकडी पेटी. त्यानं आधी मला बघितलं, खोकं बघितलं, आणि मान डोलावली. मग बाईंसमोर उकिडवा बसला.

“सातेरी हाय,” तो म्हणाला. “गरीब माशी. बाई, भिऊ नगा.”

“भ्याल्या नाहीत त्या,” मी म्हणालो. “आम्ही भ्यालोय.”

“चावत कशा नाहीत तिला?” गुप्त्यांनी विचारलं.

“घर सोडताना माशी पोटभर मध पिऊन निघती, साहेब. वाटंची शिदोरी. पोट भरल्यालं आन राखायला घर न्हाई, मग चावायची कुणाला?” त्यानं बाह्या वर सारल्या. “राणीला अंड्यांचा भार असतो. लांब उडवत न्हाई तिला. पयला जो आडोसा घावला तितं टेकली. बाकीच्या तिच्या मागं.”

त्यानं उघडा हात त्या तपकिरी लोंबत्या झुंबरात घातला, मनगटापर्यंत. पिठात घालतो तसा. बोटांनी चाचपत राहिला. आम्ही तिघं दारात. मग हात बाहेर आला तेव्हा त्याच्या चिमटीत एक माशी होती, इतरांपेक्षा लांब, काळपट. तिला त्यानं काड्यांच्या एका छोट्या पिंजऱ्यात ठेवलं आणि तो पिंजरा पेटीत.

“आता पोळ्यातल्या अळ्या, यांची पोरं, आणायची,” तो म्हणाला. “पोरं आत र्‍हायली तर या पेटीत टिकायच्या न्हाईत. कोण येतं बॅटरी धराया?”

मी गेलो. आम्ही शेकोटीत उताणे झोपलो, डोकी आत, पाय खोलीत. राख अजून कोमट होती. मी बॅटरी वर मारली.

धुराड्याच्या पोकळीत, विटेच्या त्या काळ्या भिंतींच्या मधे, सात पोळी टांगलेली होती. शेजारी शेजारी, मधे बोटभर अंतर, जणू कुणी पट्टी लावून आखलं असावं. वरचा भाग जुना, काळपट. खालचा सोनेरी, इतका पातळ की बॅटरीचा उजेड आरपार जाऊन पलीकडची भिंत पिवळी होत होती. काही माश्या अजून मागं राहिल्या होत्या, पोळ्यांवर पसरून, पोरं झाकून. आणि पहिल्या पोळ्याच्या मधोमध माझं भोक. आठ मिलिमीटर. त्यातनं मधाचा एक ओघळ खाली आला होता, आणि दोन माश्या त्या भोकाच्या कडेला बसून ते बुजवायला लागल्या होत्या.

मी बघतच राहिलो. बाहेर एवढं सगळं झालं, घर रिकामं झालं, आणि या दोघी डागडुजी करतायत.

“काळ्या पोळ्यावरनं तीन-चार वर्सांचं बिऱ्हाड दिसतंय,” कोंडिबा माझ्या शेजारी पडून म्हणाला. त्यानं सुरीनं पोरांची पोळी अल्लाद सोडवली, त्यातलं एक माझ्या छातीवर ठेवलं. ते गरम होतं. मला त्या भिंतीची ऊब आठवायची गरज नव्हती, तीच माझ्या छातीवर होती.

व्हरांड्यात आणून त्यानं पोळी पेटीच्या चौकटींना केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधली. मग पेटी बाईंच्या मांडीला लावून ठेवली आणि दार उघडलं. आधी काहीच झालं नाही. मग एक माशी दारात जाऊन शेपूट वर करून पंख फडफडवायला लागली. मग दुसरी. आणि मग बाईंच्या खांद्यावरनं, दंडावरनं, कोपरावरनं ती सगळी फौज चालायला लागली. उडून नव्हे, चालत. हातावरनं पेटीत, शिस्तीत, पाऊण तास. हळूहळू बाईंचा हात परत दिसायला लागला.

“तीन-चार वर्षं,” गुप्ते म्हणाले. “आई पडली त्याच सुमारास आल्या म्हणजे. आणि कुणाला कळलंसुद्धा नाही?”

हौसाबाई पदराचं टोक पिळत होती.

“मला ठावं हुतं.”

“काय?”

“बाई पडल्या, त्यांचा पलंग खाली आणला. दोन महिन्यांनी मी ऐकलं. बाईंनी मला खुणंनं सांगितलं, कान लाव म्हणून.” तिनं त्यांच्याकडे बघितलं. “तुमाला कसं सांगू? छपराला गांधीलमाश्या लागल्या हुत्या तवा तुमी औषध मारून घेतलं हुतं. या बी मारल्या अस्त्या.”

“पण मग आई त्या भिंतीकडे—”

“बघत न्हाईत त्या, साहेब. ऐकत्यात. सकाळी ऊन आलं की आवाज चढतो, दुपारच्याला मोठा, सांजच्याला बारीक. मला न्हाई कळत सारं, पर बाई हातानं ताल धरत्यात. म्हणून तर रेडू लावला की हात झटकायच्या. त्या आवाजात ह्यो ऐकू येत न्हाई ना.”

गुप्त्यांना चारला निघायचं होतं. पावणेपाच झाले होते. त्यांचा मोबाइल गाडीत कुठंतरी राहिला होता आणि त्यांनी तो आणला नाही. ते व्हरांड्याच्या फरशीवर आईच्या पायाशी बसले. इस्त्रीच्या पँटीनिशी.

“आई,” ते म्हणाले, “मी तुला तीन वर्षं विचारतोय, तुला काय हवंय. तू सांगत होतीस ना?”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले आणि तो एकच शब्द आला, आणि श्रीरंग गुप्त्यांनी या वेळी तो ऐकला.

मध आणायला बाहेर गेलेल्या माश्या दिवस मावळेपर्यंत परतणार होत्या. त्यांच्यासाठी पेटी तिथंच ठेवायला हवी, म्हणून आम्ही सगळे थांबलो. माझी दोन्ही कामं बुडाली. खोऱ्यावर सावली पसरत गेली. एक एक माशी यायची, धुराड्यापाशी घुटमळायची, मग खाली यायची, पेटीच्या दारात थबकायची आणि आत जायची. शेवटची आल्यावर कोंडिबानं दाराला गवताचा बोळा लावला.

“बाई,” तो म्हणाला, “पेटी वाडीला नेऊ? का हितंच ठिवू? तुमचं बिऱ्हाड हाय, तुमी सांगा.”

आम्ही बघत होतो. बाईंनी या वेळी एकही शब्द वापरला नाही. डावा हात उचलला, मांडीवरनं उजवीकडे आणला, आणि पेटीची कड घट्ट धरली.

“ठेवा,” गुप्ते म्हणाले. “तिच्या खिडकीखाली ठेवा. आणि मला शिकवा, काय काय करावं लागतं ते.”

मग त्यांनी पेटीच्या एका बाजूला कान टेकवला. बाईंनी खुर्चीतनं वाकून दुसऱ्या बाजूला. मधे फळ्यांचं ते एवढंसं घर. मी माझं ड्रिल उचललं, भिंतीतली तिन्ही भोकं पुटीनं बुजवली, टीव्ही खोक्यात घातला आणि हौसाबाईच्या मदतीनं दुकानाच्या गाडीत चढवला. निरोप घ्यायला पुन्हा मागं गेलो नाही. बोलावं लागलं असतं.

घाट उतरून दुकानात पोचलो तेव्हा मालक शटर ओढत होते. त्यांनी माझा डोळा बघितला, अंगठा बघितला, मग गाडीतलं खोकं बघितलं.

“हे काय? परत आणलास?”

“भिंतीवर जागा नव्हती,” मी म्हणालो.

“एवढ्या मोठ्या बंगल्यात?”

“एवढ्या मोठ्या बंगल्यात,” मी म्हणालो, आणि खोकं उतरवायला दुसरी बाजू धरा म्हणून त्यांना खूण केली.